रेष नसलेला ग्राफ

टी.वाय.च्या, म्हणजे बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या, कॉस्मॉलॉजीला (विश्वरचनाशास्त्राला) प्रॅक्टिकल नाही. त्यामुळे पोरं हा पेपर गोष्टीसारखा ऐकतात. महास्फोट झाला, विश्व प्रसरण पावतंय, झालं. परीक्षेत तेवढं लिहिलं तरी पास होता येतं. म्हणून इंटर्नलसाठी, कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षेसाठी, मी खगोलशास्त्रज्ञ हबलचा 1929 चा तक्ता देतो. 24 दीर्घिका, अंतरं मेगापार्सेकमध्ये (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे 33 लाख प्रकाशवर्षं), आपल्यापासून दूर जाण्याचे वेग किलोमीटर प्रति सेकंदात. वेग बहुतेक स्लायफर या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञानं मोजलेले, पण नाव हबलचं झालं. ग्राफ पेपर, पेन्सिल, फूटपट्टी. मोबाइल पिशवीत, कारण एक्सेलला आकडे दिले की दोन क्लिकमध्ये रेष येते आणि ती कुठून आली हे कुणी बघत नाही.

हा तक्ता मला फार आवडतो, कारण तो ओबडधोबड आहे. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा) 0.275 मेगापार्सेकवर, वेग उणे 220. म्हणजे ती आपल्याकडे येतेय. शून्याखाली आणखी चार आहेत. आणि पार उजवीकडे, 2 मेगापार्सेकवर, कन्या समूहातल्या चार दीर्घिका एकाच उभ्या रेषेत, 500 पासून 1090 पर्यंत. पाठ्यपुस्तकात हाच ग्राफ असा देखणा छापतात की 1929 साली सगळं लख्ख दिसत होतं असं वाटावं.

यंदा ग्राफ गोळा करताना पाहिलं, तर निम्म्या वर्गानं देवयानीचं उणे चिन्ह उडवलं होतं. विचारलं, तर पहिल्या बाकावरचा म्हणाला, "सर, छपाईची चूक वाटली. विश्व प्रसरण पावतंय, मग मायनस कसं येईल?"

बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल. आम्हाला वाटत नाही. एफ.वाय.पासून पोरांना हेच वळण लागलेलं असतं. सीनियरचं जर्नल मिळवायचं, उत्तर आधी बघायचं, मग रीडिंग मागून बसवायचं. गुरुत्वत्वरण g मोजायचा कॅटरचा लंबक कितीही डगमगला तरी g आपला 980 च्या आसपासच येतो. सह्या होतात, जर्नल सर्टिफाय होतं, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, चहा पिऊन जातात. ज्याचं रीडिंग खरोखर 940 आलं तो व्हायव्हाला, तोंडी परीक्षेला, अडकतो.

देवयानी आणि आपली आकाशगंगा शेजारी आहेत, तिथं प्रसरणापेक्षा गुरुत्वाकर्षण भारी पडतं, शिवाय सूर्य स्वतः आकाशगंगेभोवती फिरतोय, त्याचा वेगही या आकड्यांत मिसळलेला आहे, हे सगळं फळ्यावर सांगितलं. चिन्हं परत आली.

मग वर्गातल्या एका मुलीचा ग्राफ हाती आला. 24 ठिपके, चिन्हासकट अचूक, अक्षांवर एकक लिहिलेलं, आणि रेष नाही. रेष राहिली का, असं विचारलं.

"राहिली नाही सर, काढली नाही. 2 मेगापार्सेकवर अंतर एकच आणि वेग दुप्पट. यातला कुठला धरायचा? उत्तर माहीत नसतं तर इथून रेष काढावीशी वाटली असती का?"

वर्गात खसखस पिकली. मला हसू आलं नाही. वेग अंतराबरोबर वाढतोय हे त्या ठिपक्यांवरून दिसतं, ते तिलाही मान्य होतं. पण सरळ रेषेतच वाढतोय, हे एवढ्याशा तक्त्यावरून ठामपणे म्हणायला धाडस लागतं. हबलनं ते केलं.

बाकीच्यांच्या रेषेचा स्लोप, म्हणजे दर मेगापार्सेकला वाढणारा वेग, 500 च्या आसपास आला. अंतर भागिले वेग म्हणजे काळ, तेव्हा त्यावरून विश्वाचं वय काढायला सांगितलं. मेगापार्सेकचे किलोमीटर करताना दहाच्या घातांत अर्धा तास गेला. एका मेगापार्सेकचे 3.09 गुणिले 10 चा 19 वा घात किलोमीटर, भागिले 500, मग सेकंदांची वर्षं. उत्तर सुमारे 2 अब्ज वर्षं. जिऑलॉजी घेतलेला एक जण लगेच उठला, "सर, पृथ्वीच साडेचार अब्ज वर्षांची आहे." या वयाच्या घोळामुळेच 1948 साली बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांच्या स्थिर स्थिती सिद्धान्ताला (विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम सारखंच दिसतं) बळ मिळालं होतं. नारळीकर हॉइल यांचे विद्यार्थी, हे सांगितल्यावर मागचे बाकही जागे झाले. नारळीकर म्हणजे कथा लिहिणारे, एवढंच बहुतेकांना ठाऊक होतं.

स्टाफरूममध्ये तिचा ग्राफ दाखवला. सहकारी म्हणाले, "स्लोपच नाही तर स्लोपचे मार्क कुठून देणार? उद्या सगळेच रेष न काढता येतील." नियमानं त्यांचं बरोबर आहे. उणे चिन्ह उडवणाऱ्यांना मात्र नियमानं जवळजवळ पूर्ण मार्क मिळतात, त्यावर ते काही बोलले नाहीत.

पुढच्या तासाला हबल आणि त्याचा सहकारी ह्युमेसन यांचा 1931 चा तक्ता दिला. वेग 20 हजारापर्यंत जातात, ठिपके रेषेला चिकटून बसतात. तिनं फूटपट्टी घेतली, रेष काढली. स्लोप साधारण 560. आजच्या किमतीच्या जवळजवळ आठपट. रेष अगदी सरळ होती. चुकली होती ती अंतरं. ज्यांच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर मोजतात त्या सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार आहेत हे खगोलशास्त्रज्ञ बाडेनं दाखवल्यावर, 1952 मध्ये, अंतरं एकदम दुप्पट झाली, आणि तीही पहिलीच दुरुस्ती.

"मग आजची रेष, सर?"

आजच्या स्लोपचे म्हणून मी 67 आणि 73 हे दोन आकडे फळ्यावर लिहिले. पहिला आकडा विश्वाच्या पार्श्वप्रारणावरून, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या मंद प्रारणावरून, येतो, दुसरा सेफीड आणि सुपरनोव्हांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून). दोन्हीकडची माणसं आपापल्या मोजमापावर ठाम आहेत. घंटा झाली तरी सात-आठ जण फळ्याशीच भांडत उभे होते.

इंटर्नलची यादी शुक्रवारी ऑफिसात द्यायची आहे. तिच्या नावापुढचा स्लोपचा रकाना मी अजून भरलेला नाही.