दिया हसत नाही ओ!
शेजारचा पोरगा तिसरीत, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी (आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात हे घरोघरी आहे), वाचायला बसला की जोडाक्षराशी गाडी बंद. 'प्रकाश'चं 'परकाश', आणि वर्गात कुणी हसलं की मग तोंडच उघडायचा नाही.

त्याच्या आईच्या मोबाईलवर गूगलचं रीड अलाँग हे वाचनाचं ॲप टाकून दिलं. मराठी आहे त्यात, पोरगं मोठ्यानं वाचतं आणि त्या ॲपमधली बोलणारी दिया ऐकते, शब्द अडला की म्हणून दाखवते, गोष्टी एकदा डाउनलोड केल्या की नेट पण लागत नाही. आणि दिया हसत नाही, मला विचाराल तर अर्धं काम तिथंच झालं. फक्त टीव्हीच्या आवाजात कसलं वाचन, म्हणून मी त्याला जिन्यात बसवते.

तसं आपल्या जिल्ह्याला हे मोबाईलवर शिकणं नवीन नाही. माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले, स्कॅन केलं की कविता कानावर, २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं त्यांना.

परवा सात रस्ता चौकात गडी 'प्रोव्हिजन' ही पाटी न अडखळता वाचून मोकळा, आणि लगेच त्याच दुकानातलं चॉकलेट मागितलं.