बालदी

कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर संध्याकाळी पोरं पतंग उडवत होती. मी जुन्या संसदेच्या खांबांकडे बघत उभा होतो. ५ जून १९५६ रोजी आत 'फक्त सिंहली'चं विधेयक आलं होतं आणि बाहेर, याच मैदानावर, तमिळ नेते चेल्वनायकम आपल्या सहकाऱ्यांसह सत्याग्रहाला बसले होते. जमावाने त्यांना झोडपून काढलं.

कायदा अगदी छोटा होता: सिंहली ही देशाची एकमेव राजभाषा. पण त्याचा अर्थ तमिळ कारकुनाला पहिल्या दिवसापासून कळला. सिंहलीची परीक्षा दे, नाहीतर बढती विसर, पुढे नोकरीही विसर. डावे खासदार कॉल्विन आर. डी सिल्वा हे स्वतः सिंहली. त्यांनी तेव्हाच संसदेत बजावलं होतं की दोन भाषा ठेवाल तर एक राष्ट्र राहील, एक भाषा ठेवाल तर दोन होतील. ऐकलं नाही कुणी. दोनच वर्षांत गाड्यांच्या नंबरपाटीवरच्या सिंहली 'श्री'वरून वाद पेटला. उत्तरेत लोकांनी त्या जागी तमिळ 'श्री' रंगवला, तर दक्षिणेत तमिळ पाट्यांना डांबर फासलं गेलं. ज्या अक्षराने आपण पत्राची सुरुवात करतो, ते अक्षर. मे १९५८ मध्ये माणसं मारली गेली.

दुसऱ्या दिवशी 'याळ देवी' गाडीने उत्तरेकडे निघालो. १९९० मध्ये लष्कर आणि तमिळ बंडखोरांच्या युद्धामुळे तमिळबहुल जाफन्यापर्यंतची ही गाडी बंद पडली, ती पुन्हा तिथे पोचली २०१४ मध्ये. अनुराधपूर मागे पडलं, मग वावुनिया. स्थानकांच्या पाट्यांवर तिन्ही लिप्या, सिंहली गोल गोल, तमिळ जरा कोनदार. किलिनोच्चीनंतर दोन्ही बाजूंना खाजणाचं उथळ पाणी सुरू झालं आणि एलिफंट पास आलं. तमिळमध्ये आनैयिरवु, सिंहलीत अलिमंकड. तिन्ही नावांत तोच हत्ती आहे. या चिंचोळ्या पट्टीसाठी किती मुलं मेली, ते पाण्याकडे बघून कळत नाही.

शेजारी बसलेले निवृत्त शिक्षक तमिळ वाघांच्या, म्हणजे एलटीटीईच्या, संघटनेला नुसतं 'इयक्कम' म्हणत होते, म्हणजे चळवळ. कोलंबोत ऐकलेला शब्द होता 'त्रस्तवादी'. लढताना मेलेल्या मुलाला इकडे 'मावीरर' म्हणतात. त्रस्त आणि महावीर, दोन्ही शब्द माझ्या मराठी कानाला सहज उमगत होते, म्हणूनच अंगावर येत होते. सरकारी भाषेत तर वाघांच्या ताब्यातल्या मुलखाला 'अनक्लिअर्ड एरिया' असं नाव होतं, म्हणजे साफ न केलेला. तिथे लाखो लोक राहत होते. असा शब्द रोज बातम्यांत ऐकला की मुलखात घरं असतात हे हळूहळू विसरायला होत असणार.

जाफन्याचं सार्वजनिक वाचनालय पांढरंशुभ्र आहे. पुढे सरस्वती बसलेली. १९८१ मध्ये एका रात्री ते जाळलं गेलं. सुमारे ९७,००० पुस्तकं आणि ताडपत्रं होती. आग लावणाऱ्यांत पोलिसही होते, असं त्या वेळचे साक्षीदार सांगत आले आहेत. इमारत पुन्हा बांधली, वाचक परतले. मी गेलो तेव्हा शाळकरी मुलींनी टेबलं भरलेली होती. पण ताडपत्रं पुन्हा छापता येत नाहीत. मी बराच वेळ एका खुर्चीवर नुसता बसून राहिलो. कुणाची भाषा मोडायची असेल तर माणसांआधी तिची कपाटं जाळतात, हे वाचलं होतं. त्या खोलीत बसल्यावर ते खरं वाटलं.

दोन वर्षांनी, जुलै १९८३ मध्ये, दक्षिणेत तमिळ माणसांची शिकार झाली. जमाव बस थांबवायचे आणि प्रवाशाला एक शब्द म्हणायला लावायचे. 'बाल्दिय.' पाणी भरायचं भांडं. तमिळ बोलीत शब्दाच्या सुरुवातीला 'ब' सहसा येत नाही, त्यामुळे तो अडखळला की संपलं. सिंहलीत हा शब्द पोर्तुगीज 'बाल्दे'वरून आला. आपल्याकडेही तिथूनच आला, बालदी. हे कळल्यापासून तो मला साधा शब्द राहिलेला नाही.

१९८७ च्या घटनादुरुस्तीने तमिळही राजभाषा झाली. २०१६ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या मुख्य सोहळ्यात राष्ट्रगीत तमिळमध्येही गायलं गेलं, तेही १९४९ नंतर प्रथमच. २०२० मध्ये पुन्हा गाळलं.

मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाई साठीच्या. मी त्यांना अक्का म्हणत होतो, तो शब्द त्यांच्याही भाषेत थोरल्या बहिणीचाच. निघायच्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हतं. त्यांनी विहिरीचं पाणी भरून दाराशी आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "वाळि." मग हसून इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

शब्द अगदी जिभेवर आला होता. त्यांच्या तोंडाकडे बघत क्षणभर थांबलो.

"बादली," मी म्हणालो.

त्यांनी तो म्हणून बघितला, एकदा, मग पुन्हा एकदा.