उगी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

शुक्रवारपासून एका कागदापाशी अडकले आहे. थेरपिस्टच्या वहीतलं फाडलेलं पान. गुरुवारच्या सत्रात, नैराश्यासाठी घेतलेल्या केटामाइनच्या, म्हणजे भुलीच्या औषधाच्या अंमलात, मी जे जे बोलले ते तिनं उतरवून ठेवलेलं. बहुतेक सगळं इंग्रजीतच आहे. थंडी वाजतेय, छत वर चाललंय, खोली लांब गेली, असलं. आणि खाली एक शब्द, रोमन अक्षरांत, तिच्या कानाला लागला तसा. दोन ओ, एक जी, एक आय. परत तेच. पुढं आकडा : ११ वेळा.

नुसत्या डोळ्यांनी वाचलं तेव्हा मला काही बोध झाला नाही. मोठ्यानं वाचलं तेव्हा झाला.

उगी. उगी.

तिनं विचारलं, अर्थ काय? मी म्हटलं, रडणाऱ्या लेकराला म्हणतात. मग इंग्रजीत सांगायला गेले तर 'हश' तोंडात आलं आणि ते बरोबर वाटेना. हश म्हटलं की आवाज बंद कर असं होतं. उगी म्हणताना कुणाचं तोंड बंद करायचं नसतं, पाठीवरून हात फिरत असतो. हे तिला कसंबसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि अगदी साधं विचारलं, "कोण म्हणत होतं? आणि कुणाला?"

मला उत्तर देता आलं नाही. आज रविवार संपत आला तरी देता येत नाहीये.

गुरुवारचं चौथं सत्र. तेच सगळं. आधी ब्लडप्रेशर, मग ती खुर्ची ओढून बसते आणि आज काय घेऊन आत जायचं ते विचारते. त्याला ते लोक 'इंटेन्शन' म्हणतात, मी मनात संकल्प म्हणते. हातावर पळीभर पाणी सोडायचं तेवढं राहतं. मी म्हटलं होतं, बाबांकडे जायचंय. मग डोळ्यांवर पट्टी, शब्द नसलेलं संगीत, दंडात इंजेक्शन. चार-पाच मिनिटांत ओठ जड होतात, मग हात आपले राहत नाहीत. बाबा काही आले नाहीत. खूप मोठं, राखाडी, ओलं असं काहीतरी होतं आणि मी त्याच्या कडेनं चालले होते. भीती नव्हती. कुणी हाक मारल्याचंही आठवत नाही. उगी म्हटल्याचं तर मुळीच नाही. शुद्धीवर आले तेव्हा मळमळत होतं आणि गालावरून पाणी कानात गेलं होतं.

तिनं आणखी एक टिपलंय. उजवा हात पांघरुणावर हळूहळू थोपटत होता.

आधी वाटलं, चिऊला म्हणत असेन. पण चिऊला मी कधी उगी म्हटलेलंच नाही. ती जन्मली तीच इथं अमेरिकेत, रडायची तर मी 'इट्स ओके, इट्स ओके' करायचे. आसपासच्या आया करायच्या म्हणून. आज ते आठवून पोटात तुटलं. पण तो वेगळा विषय आहे.

मग वाटलं, आई मला म्हणत असेल. पण आई तसं म्हणायची नाही. आईचं वाक्य ठरलेलं, "रडून काय होणारेय?" उगी म्हणणारी होती ती अक्का. तिच्या नऊवारीला तंबाखूच्या मिश्रीचा वास. तिच्या मांडीवर झोपल्याचं आठवतंय. पण अक्काची आठवण एवढी लांबून, एवढी अकरा वेळा, दंडात सुई टोचून घेतल्यावर का यावी?

वहिनीला फोन केला काल. तिला सगळं माहीत आहे म्हणून. पहिल्यांदा सांगितलं होतं तेव्हा ती फोनवर गप्पच झाली होती. केटामाइन म्हणजे हॉस्पिटलात तिच्या रोजच्या ट्रेमधलं औषध. भाजलेल्या बायकांचं ड्रेसिंग, पोराचा मोडलेला हात बसवायचा, जिथं व्हेंटिलेटर नाही तिथलं छोटं ऑपरेशन. श्वास चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, म्हणून खेड्यापाड्यांत डॉक्टरांचा त्याच्यावर भरवसा. २०१३ च्या डिसेंबरात शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत, गेल्यापासून ते कुलुपात असतं, एकेका बाटलीचा हिशेब ठेवावा लागतो. आणि ते मी मनासाठी घ्यायचं? तेव्हा तिनं तीनच प्रश्न विचारले होते. प्रेशर कोण बघतं, घरी कोण सोडतं, घरी न्यायला देतात का. देत नाहीत म्हटल्यावर तिचा आवाज खाली आला. सारखं घेणाऱ्यांच्या लघवीच्या पिशवीचं काय होतं ते मग तिनं सविस्तर सांगितलं. 'फ्रेंड्स'मधला नट मॅथ्यू पेरी केटामाइननं गेल्याची बातमी दादानं पाठवली होती, तीही तिनंच मला समजावून सांगितली, की क्लिनिकमध्ये सलाईनमधून घेतलेलं ते नव्हतं, ते तर दीड आठवड्यापूर्वीचं.

काल मात्र मी उगीचं सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "अगं, आम्ही म्हणतो की."

म्हणजे? म्हणजे केटामाइनमधून बाहेर येताना पेशंट घाबरतो, पोरं हवेत हात मारतात, रडतात. त्यामुळे त्यांना शिकवलेलंच असतं की भूल द्यायच्या आधी काहीतरी चांगलं आठवायला सांगायचं, आणि जागं होताना दिवे मंद, गडबड नको. तिच्या ऑपरेशन थिएटरमधल्या जुन्या सिस्टर डोक्यावरून हात फिरवत म्हणतात, उगी बाळा, उगी. "त्याच औषधावर तोच शब्द," वहिनी म्हणाली. "तुझ्याकडे कुणी म्हणणारं नव्हतं तर तूच म्हणालीस."

ती प्रेमानं म्हणाली. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य मला फार लागलं. कुणी म्हणणारं नव्हतं तर. रात्रभर तेच.

झोप नव्हती म्हणून पुन्हा ते सगळं वाचत बसले, जे पहिल्या सत्राच्या आधीही वाचलं होतं. १९६२ मध्ये कॅल्विन स्टीव्हन्सनं पार्क-डेव्हिस ह्या औषध कंपनीसाठी हे बनवलं. १९६४ मध्ये माणसाला पहिल्यांदा दिलं ते मिशिगनमधल्या जॅक्सनच्या तुरुंगातल्या कैद्यांना. तरंगतोय, हातपाय नाहीतच, असं ते सांगायचे. तो प्रयोग करणाऱ्या एडवर्ड डॉमिनोनं हे घरी बायकोला सांगितलं, माणसं सुटी झाल्यासारखी होतात म्हणून, आणि तिनं, टोनीनं, त्याला नाव सुचवलं, डिसोसिएटिव्ह. अजून तेच नाव चालतं. मागं वाचलं तेव्हा मला त्या बायकोचंच कौतुक वाटलं होतं. काल रात्री त्या कैद्यांपाशी थांबले. त्यातलाही कुणी आपल्या आजीच्या भाषेत काही बोलला असेल. ते कुणी लिहून घेतलं असेल का? जागं झाल्यावर कुणी विचारलं असेल का, कोण म्हणत होतं, कुणाला?

मला विचारणारं कुणीतरी आहे. हे खरं तर मोठं आहे. दोन औषधं बदलून झाल्यावर, दीड वर्ष सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीला धरल्यावर, मी इथवर आले. २००० साली येल विद्यापीठात हे औषध पहिल्यांदा नैराश्यासाठी नीट करून बघितलं तेव्हा सातच पेशंट होते. २००६ मध्ये बेथेस्डाच्या सरकारी संशोधन संस्थेत १७ जणांना दिलं, दुसऱ्या दिवशी १२ जणांना बरंच हलकं वाटलं, आणि आठवडाभर टिकलं ते ६ जणांत. हा सहाचा आकडा माझ्या डोक्यात बसलाय. पहिल्या सत्रानंतर मला तीन दिवस ताप उतरल्यासारखं वाटलं होतं. भांडी घासताना पाणी गरम लागतंय हे कळत होतं. चौथ्या दिवशी ते गेलं. त्या प्रयोगांत ४० मिनिटं सलाईनमधून औषध, एवढंच, बोलणं नव्हतं. औषधाच्या जोडीनं बोलणं हे रशियात क्रुपित्स्की नावाच्या डॉक्टरनं १९८५ पासून दारू सोडवायला केलं. बोलण्यानं किती फरक पडतो यावर अजून वाद आहे म्हणतात. माझ्यापुरतं मला कळतं. नुसती सुई असती तर मी चार वेळा त्या राखाडी कडेनं चालून घरी आले असते आणि तो शब्द त्या खोलीतच राहिला असता.

पैशाचं आज लिहीत नाही. इन्शुरन्सनं हात वर केलेत, कारण नैराश्यासाठी इथं परवानगी आहे ती २०१९ मध्ये आलेल्या नाकातल्या फवाऱ्याला, ह्या इंजेक्शनला नाही. सही केली तेव्हा ते वाचलं होतं. सही केलीच.

पण काल रात्री हे सगळं ज्ञान एकीकडे होतं आणि मी एकीकडे. मला एकच वाटत होतं, की एप्रिलात, बाबा गेले त्या दिवशी, मला कुणीच उगी म्हटलं नाही. इथल्या स्वयंपाकघरात मी फोन डब्याला टेकवून उभी होते. तिकीट, व्हिसा, स्टॅम्पिंग, ते पुन्हा लिहीत नाही. तिकडे सगळी एकमेकांना धरून तरी होती. म्हणजे तशी होती असं मी धरून चालले होते. मी गॅसच्या ओट्याला धरून होते. पुढं कित्येक महिने लोक म्हणत राहिले, तू किती खंबीर. मला खंबीर नव्हतं व्हायचं. मला कुणीतरी थोपटायला हवं होतं. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला असं वाटावं याची लाजही वाटली काल. पण वाटलं ते वाटलं.

मग असं मनात आलं, की त्या कॉलवर दादा म्हणाला असेल का? मला आठवत नसेल. औषधानं तेच वर आणलं असेल. दादाचा आवाज होता का तो? हे एकदा डोक्यात आल्यावर दिवसभर दुसरं काही सुचेना. आत्ता दहा वाजता, तिकडचे साडेसात, फोन लावला. इकडचं-तिकडचं न बोलता विचारलं.

"दादा, त्या दिवशी व्हिडिओवर तू मला उगी म्हणाला होतास का?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मागं पाण्याची मोटर चालू होती.

"मी कुठला म्हणतोय," म्हणाला. "मला तेव्हा बोलायला येत होतं का? तूच म्हणत होतीस की मला."

मी काही बोलले नाही.

"मी तो कोविडचा किट घातलेला, चष्म्याच्या आत सगळं धुकं, डोळं पुसायला येईनात. आई खाली गाडीत. तू तिकडनं सारखं, उगी दादा, उगी. मला अजून ऐकू येतं ते कधीकधी." मग म्हणाला, "का गं? आत्ता का?"

मी म्हटलं, असंच. तो म्हणाला, जेवलीस का. मी म्हटलं, हो. त्यानं काही जास्त विचारलं नाही. वहिनीनं त्याला किती सांगितलंय मला माहीत नाही.

मला यातलं काही म्हणजे काहीच आठवत नाहीये. ओटा आठवतो, डबा आठवतो, फोनवर दिसणारी ती पांढरी आकृती आठवते. माझा आवाज आठवत नाही. काल रात्री मी ज्याच्यावर रुसले होते तो तर तिथं एकटा उभा होता, डोळेसुद्धा पुसता येत नव्हते त्याला. आणि मी इथून, दोन भाषांत जगणारी, लेकीला इट्स ओके म्हणणारी, त्या वेळी अक्काचा शब्द कुठून काढला कोण जाणे. काढला मात्र. बरं झालं काढला.

रुसवा एकदम गेला असं नाही. पण आता तो धरून ठेवायला जागा नाही. फोन ठेवल्यावर थोडी रडले. बरं रडले. नेहमीसारखं घशात अडकून नाही.

मग गुरुवारी मी कुणाला म्हणत होते? दादाला, पुन्हा? तसंच असेल. पण मग ते थोपटणं. आत्ता इथं पलंगावर पाय पसरून, पांघरूण घेऊन बघितलं. तिथं असते तशी अर्धवट आडवी झाले आणि उजवा हात सैल सोडला. तो पडतो तो माझ्याच मांडीवर.

पानावर तिच्या रोमन अक्षरांखाली देवनागरीत लिहून ठेवलं. दोन वेळा लिहिलं, कारण पहिल्यांदा गी ऱ्हस्व झाली. गुरुवारी तिला म्हणून दाखवीन. तिच्या तोंडून 'ऊऽगी' येतं, उ लांबतो, तो आखूड करून देईन.

मघाशी दादाचा मेसेज आला. नुसतं, झोप आता.