सावली कलेपर्यंत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सगळ्यात आधी पटांगणातली ती काठी आठवली.

नववीत भूगोलाच्या सरांनी ती रोवली होती. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी आम्ही एक खडा ठेवायचो. सावली सर्वांत आखूड झाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सर म्हणाले, "घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपली रत्नागिरी त्र्याहत्तरच्या पुढे थोडी. अंशाला चार मिनिटं, करा हिशेब." मी बोलून गेलो, "सर, आमच्यात याला झवाल म्हणतात. या वेळी नमाज पढत नाहीत."

"का?"

मला सांगता येईना. "घरी विचार आणि उद्या वर्गाला सांग," सर म्हणाले.

दादी म्हणाली, "सूर्य उगवताना, माथ्यावर असताना आणि बुडताना नमाज नाही. लोक तेव्हा सूर्यापुढे माथा टेकायचे. आपला सजदा सूर्य घडवणाऱ्याला."

पुढे मी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदी, वाचल्या. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात पैगंबरांचे सोबती उक्बा बिन आमिर सांगतात की या तीन वेळी नमाज आणि दफन दोन्ही टाळायला पैगंबरांनी सांगितलं होतं. अम्र बिन अबसा यांच्या हदीसमध्ये दादीचंच कारण आहे: सूर्य सैतानाच्या दोन शिंगांमधून उगवतो आणि तेव्हा सूर्यपूजक त्याला सजदा करतात. भर दुपारी जहन्नम (नरक) चेतवली जाते, असंही त्यात आहे. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर सूर्य भालाभर वर येईपर्यंत आणि असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर तो मावळेपर्यंत नफल, म्हणजे ऐच्छिक नमाजही नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई या धर्मशास्त्र-परंपरेतले. मशिदीत शिरल्यावरच्या दोन रकातींसारख्या (रकात म्हणजे नमाजाचं एक आवर्तन), कारण घडल्यावर पढायच्या नमाजांना आमच्यात या वेळीही मुभा आहे. देशावरच्या, हनफी परंपरेतल्या पाहुण्यांकडे ती नाही. लहानपणी याचं मला फार नवल वाटे.

दुसऱ्या दिवशी वर्गात दादीचं उत्तर सांगितलं. मागच्या बाकावरचा मित्र म्हणाला, "पण आमचे आजोबा नेमकी याच वेळी संध्या करतात!" वर्ग गप्प झाला. माझे कान तापले. सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे सूर्य कुठे आहे हे दोन्ही घरांत नीट बघतात. चला, मग आपणही नीट मोजू." महिनाभर आम्ही दोघांनी मिळून खडे ठेवले.

दहावीच्या परीक्षेनंतर, चैत्रात, दादी गेली. जनाजा कब्रस्तानात पोहोचला तेव्हा ऊन अगदी माथ्यावर होतं. बाबा म्हणाले, थोडं थांबू. कुंपणापाशी सर आले होते, सोबत तो मित्रही होता. सरांनी मिटलेली छत्री मातीत उभी रोवली आणि खाली वाकून बघत राहिले. कुणी काही बोलत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाले, "कलली."

मग आम्ही दादीला कबरीत उतरवलं.