मालवणच्या गढूळ पाण्यासाठी स्ट्रोब निवडताना

मालवणच्या पाण्यात मी पहिला फोटो काढला तो तांबोशीचा. मासळी बाजारात टोपलीत पडलेली असली तरी लालबुंद रंगामुळे लांबून ओळखू येते, तीच. फोटोत मात्र ती मातकट राखाडी दिसत होती आणि तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडला होता. वाटलं, काचेवर काहीतरी लागलंय. बोटीवर येऊन काच पुसली, पुन्हा उतरले, पुन्हा तेच.

माझ्याकडे ऑलिंपस टीजी-६ कॅमेरा आहे आणि त्याचं पीटी-०५९ हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायची जलरोधक पेटी. कॅमेरा नुसता १५ मीटरपर्यंत चालतो, हाउसिंगमध्ये घातला की ४५ मीटरपर्यंत. खोलीची अडचण नव्हती, अडचण प्रकाशाची होती. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाचेक मीटरवर तो जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही तो घरी कॉम्प्युटरवर कितीही खटपट केली तरी धड परत येत नाही. आणि ठिपके म्हणजे पाण्यात तरंगणारा गाळ आणि प्लवक, म्हणजे बारीक जीव. कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी, त्यामुळे प्रत्येक कणावर आपटलेला उजेड थेट लेन्समध्ये परततो. आंबोली घाटात धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तसंच.

आधी स्वस्तातला उपाय म्हणून व्हिडिओची टॉर्च घेतली. सतत पेटलेला उजेड कसा पडतोय ते समोर दिसतं, हा तिचा मोठा फायदा. पण दिवसाच्या उजेडात ती कमी पडते, शटर संथ ठेवावा लागतो आणि लाटेच्या हेलकाव्यात मी हलतेय, मासाही हलतोय, म्हणून फोटो पुसट. स्ट्रोबचा, म्हणजे कॅमेऱ्याबाहेर वेगळा लावायच्या पाण्याखालच्या फ्लॅशचा, झोत क्षणाच्या बारीकशा अंशात येऊन जातो, त्यामुळे हालचाल गोठते. शेवटी घ्यायचा तर स्ट्रोबच, हे तिथे पक्कं झालं.

त्याच हिवाळ्यात अंदमानला, स्वराज द्वीपला म्हणजे जुन्या हॅवलॉकला गेले होते. तिथे एक मोठा स्ट्रोब भाड्याने घेतला. पाणी स्वच्छ, लांबवर दिसणारं. पहिल्याच डाइव्हला रंग असे उमटले की बोटीवर बसून मी एकच फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिले. ठरवून टाकलं की सगळ्यात जोरदार मिळेल तो स्ट्रोब घ्यायचा. तेव्हा मनात इनॉन कंपनीचा झेड-३३० होता, गाइड नंबर ३३. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशचा जोर सांगणारा आकडा, जितका मोठा तितका उजेड जास्त.

सुदैवाने पैसे भरण्याआधी मालवणला एक फेरी झाली आणि उसना आणलेला एक मोठा स्ट्रोब सोबत होता. पाण्यात चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नव्हतं. सगळे फोटो पुन्हा बर्फ पडल्यासारखे, आधीपेक्षा जास्तच. मी पाण्याच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा आमचे डाइव्हमास्टर म्हणाले, "ताईनू, पाण्याक दोष देव नका. लायट लांब धरा."

घरी आल्यावर ते वाक्य तपासून पाहिलं. जुनी काचेची टाकी पाण्याने भरली, त्यात तांदळाच्या पिठाची चिमूट ढवळली. एका दगडाला लाल बांगडी अडकवून तळाशी ठेवली, खोलीत अंधार केला आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवून टाकीच्या बाहेरून मोबाइलची टॉर्च फिरवत बसले. टॉर्च लेन्सला चिकटून असेल तर बांगडीच्या आधी पीठच चमकतं. हातभर बाजूला नेऊन तिरकी धरली की मधलं पाणी काळोखं होतं आणि बांगडी स्वच्छ लाल. आणखी एक गोष्ट त्या रात्री कळली. टॉर्च बांगडीवर नेमकी रोखण्यापेक्षा किंचित बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे झोताची फक्त आतली कड बांगडीला लागली, की चित्र सगळ्यात निर्मळ येतं.

१९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. त्यांचा उजेड तर पाण्यात नव्हताच. वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवत असत आणि कॅमेरा खाली. सोय म्हणून केलेलं असेल, पण मला तेव्हापासून तो तराफा सारखा आठवतो.

मग शांतपणे आकडेमोड केली. गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडायचं त्याचा एफ-आकडा. आकडा मोठा तितकं छिद्र लहान. कंपनी देते तो आकडा हवेतला असतो. पाण्यात तो निम्मा किंवा त्याहूनही कमी धरावा. इनॉनचाच छोटा एस-२०००, गाइड नंबर २०. पाण्यात ८ धरला तरी एक मीटरवर एफ/८ पुरतं, अर्ध्या मीटरवर एफ/१६. मालवणच्या पाण्यात एक मीटरपेक्षा लांबून फोटो काढण्यात अर्थच नाही, कारण जाताना एक मीटर आणि येताना एक मीटर, असं दोन मीटर गढूळ पाणी उजेडाला पार करावं लागतं. मग त्यापलीकडे पोचणाऱ्या जोरासाठी पैसे का मोजायचे? एका मोठ्यापेक्षा दोन छोटे, दोन्ही बाजूंना लांब आर्मवर, म्हणजे हाउसिंगला जोडलेल्या दांड्यांवर. एकाने पडलेली काळी सावली दुसरा उजळतो.

एस-२०००चं एक उणं सांगायलाच हवं. त्याला फोकसची टॉर्च नाही, ती वेगळी लावावी लागते. पण साधे एए सेल चालतात, हे माझ्यासाठी फार महत्त्वाचं होतं. चारचे संच, रिचार्जेबल, प्रत्येक संचावर पट्टी चिकटवून क्रमांक घातलाय. जुना-नवा सेल एकत्र घातला की स्ट्रोब पुन्हा भरायला वेळ घेतो आणि नेमका तेव्हाच ऑक्टोपस बिळातून बाहेर येतो. कॅमेऱ्याशी जोडायला फायबर ऑप्टिकची केबल घेतली. विजेच्या केबलला हाउसिंगमध्ये भोक लागतं आणि जिथे भोक तिथे पाणी शिरायची भीती. फायबरमधून फक्त उजेड जातो. ती डाइव्हच्या मध्येच निसटली तरी परत खोचता येते.

नवे परवडत नव्हते, म्हणून सेकंडहँड शोधले. पहिला जो आला त्याचं बॅटरीचं झाकण उघडलं तर आतल्या पट्ट्यांवर हिरवट साका. म्हणजे कधीतरी आत खारं पाणी गेलेलं होतं. विकणाऱ्याने "एकदम नवा आहे" म्हणून सांगितलं होतं. पैसे परत मिळवायला दीड महिना गेला. तेव्हापासून झाकणाच्या आतल्या भागाचा फोटो आणि सलग वीस फ्लॅशचा व्हिडिओ मागितल्याशिवाय मी पुढचं बोलतच नाही. ज्यांना घ्यायचेत त्यांनी हे कटाक्षाने करावं.

पुढच्या मोसमात दोन्ही स्ट्रोब घेऊन उतरले. पहिल्या दिवशी आर्म इतके ताणले की लाटेत सगळा सांगाडा शिडासारखा ओढायचा, मनगट भरून आलं. दुसऱ्या दिवशी ते थोडे दुमडले, वजन हलकं करणारे फ्लोट लावले. स्ट्रोब हाउसिंगच्या काचेच्या किंचित मागे, तोंडं बाहेरच्या बाजूला, दोन्ही मॅन्युअलवर निम्म्या जोरात. ऑटोवर गढूळ पाण्यात अंदाज चुकायचा, कारण कणांवरून परतलेला उजेडच कॅमेरा मोजून बसतो. खडकाच्या कपारीत तांबोशी होती. श्वास सावकाश सोडत अर्ध्या मीटरपर्यंत गेले आणि एकच फोटो घेतला.

वर आल्यावर डाइव्हमास्टरांना स्क्रीन दाखवली. खवल्याखवल्यावर लाली, कल्ल्यापाशी पिवळसर झाक, मागचं पाणी गडद हिरवं आणि ठिपके मोजून तीन. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं, डोळा बघितला, शेपटी बघितली आणि कॅमेरा परत देत म्हणाले, "आता कशी बाजारातल्यासारकी दिसता!"

गोड्या पाण्याच्या टबात दोन्ही स्ट्रोब अर्धा तास बुडवून ठेवले, बटणं पाण्यातच दाबून मीठ सोडवलं, झाकणातून पाणी शिरू न देणाऱ्या रबरी ओ-रिंगवरून बोट फिरवून वाळूचा कण लागतोय का ते पाहिलं. एक लागला.