शाळेला सुट्टी, मावशीला पूर

रात्री साडेनऊ-दहाला शाळेच्या ग्रुपवर जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र येऊन पडतं. पीडीएफ कोणी उघडत नाही, उघडायची गरजही नसते. मजकूर पाठ झालाय: हवामान विभागानं जिल्ह्याला अमुक रंगाचा इशारा दिला आहे, सबब आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ अन्वये उद्या सर्व शाळा आणि अंगणवाड्यांना सुट्टी. शिक्षकांनी मात्र मुख्यालयी हजर राहावं. आमच्या मजल्यावर एक शिक्षिका राहते. तिचं लेकरू घरी आणि ती रिकाम्या वर्गात. या शेवटच्या ओळीवर ती जे बोलते ते इथं लिहिता येत नाही.

सुट्टीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यात, एका रात्रीत हसनाळसारख्या गावांत पाणी शिरलं. झोपेत होती ती माणसं गेली. लष्कराला बोलवावं लागलं. हे बघितल्यावर आभाळ भरलेलं असताना शाळा चालू ठेवा म्हणणारी मी कोण? माझा प्रश्न साधा आहे. सुट्टीचं पत्र लेकरांच्या नावानं निघतं, पण त्या दिवशी लेकरू कोणाजवळ थांबणार यावर त्यात एक अक्षर नसतं. घरी कोणीतरी असेलच, हे धरूनच चाललेलं असतं.

आमच्या घरी कोण असतं ते सांगते. मी बँकेत आहे, तालुक्याच्या शाखेत, कॅशला. रोज एसटीनं अप-डाऊन. नवरा लाइनमन. लाइनमनच्या घरात पावसाळा कसा असतो ते लाइनमनच्या बायकोलाच विचारावं. वारं सुटलं की त्याचा फोन वाजायला लागतो, आणि रेड अलर्ट म्हणजे रजा बंद. ज्या दिवशी शाळा बंद, त्या दिवशी तो खांबावर. बँकेला पावसाची सुट्टी नसते. मुलगा पहिलीत आहे.

'सासूबाईंना आणा की इकडं' असा सल्ला फार जण देतात. त्यांनी आधी एक गाय पाळून बघावी. सासूबाई हदगावकडं गावी असतात, आणि दुभतं जनावर शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून त्या निघत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. बरं, निघायचं ठरवलं तरी पाऊस लागला की गावाजवळच्या ओढ्यावरून पाणी. ज्या दिवशी त्यांची गरज, नेमकी त्याच दिवशी वाट बंद.

म्हणून आमचं सगळं मावशींवर चालतं. मावशी माझा मुलगा आणि समोरच्या फ्लॅटमधल्या दोघी बहिणी सांभाळतात. ऑटोतून उतरवून घेणं, दप्तरं ओढून काढणं, वरणभात चारणं, टीव्हीचा रिमोट लपवणं, भांडणात कोणाचीच बाजू न घेणं, आणि माझी एसटी लेट झाली तर कुरकुर न करता थांबणं. दोन घरांतल्या चार नोकऱ्या त्यांच्या जिवावर चालतात. आम्ही त्यांना देतो ते पैसे बघितले तर हे वाक्य लिहायची लाज वाटावी, पण दोन्ही घरांचे हप्ते वजा जाता तेवढंच उरतं.

मावशी राहतात नावघाटाकडं, नदीच्या अंगाला.

आता इथं नांदेडच्या पुराचं गणित सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ते कळत नाही. आमच्याकडं पूर यायला आमच्याकडं पाऊस पडायलाच पाहिजे असं काही नाही. पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की ते पाणी गोदावरीतून खाली येतं. माजलगाव धरण भरलं की सिंदफणा नदीतून गोदावरीत येतं. येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं पाणी पूर्णा नदीतून येतं. हे सगळं गोळा होतं शहराच्या वरच्या अंगाला, विष्णुपुरीला. विष्णुपुरीचा बंधारा एवढं पाणी धरून ठेवण्याएवढा मोठा नाही, त्यामुळे दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि खाली तेलंगणात पोचमपाड धरण भरलेलं असेल तर पाणी पुढं सरकायचं नाव घेत नाही, मागं तुंबून राहतं.

याचा अर्थ असा की कधीकधी नांदेडला ऊन पडलेलं असतं, अलर्ट नाही, सुट्टी नाही, शाळेचा ऑटो वेळेवर आलेला, मी डबा भरून तयार, आणि मावशींचा फोन येतो: "ताई, पाणी पायरीला लागलंय. भांडे वर ठेवू लालाव. आज नाही जमायचं." सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात बीड, धाराशिव, जालना, परभणी सगळीकडं पाण्यानं हाहाकार केला होता. जायकवाडीतून लाखांच्या आकड्यात क्युसेक सुटत होते. तेव्हा मी दर दोन तासांनी विष्णुपुरीचा विसर्ग बघायची. बँकेतल्या माझ्या सहकाऱ्याला वाटलं, हिची नदीकाठी शेती आहे. शेती नाही बाबा. माझी मावशी आहे.

हे मला फार दिवस नीट दिसलं नव्हतं, आता सारखं दिसतं. हवामान बिघडलं की पहिली अडचण शाळा बंद होण्याची वाटते. पण शाळा बंद झाली तरी मावशी असल्या तर दिवस निघतो. मावशीच आल्या नाहीत तर शाळा चालू असूनही दिवस निघत नाही, कारण शाळा दुपारी सुटते आणि मी अंधार पडता पडता पोचते. आणि दुसऱ्याची लेकरं सांभाळणारी बाई बहुतेक वेळा शहराच्या खालच्या अंगालाच राहते, जिथं घरभाडं परवडतं. तिथं पाणी आधी येतं.

त्या आठवड्यात मावशींचं कुटुंब महापालिकेच्या शाळेत हलवलं होतं. शाळा मुलांना बंद होती, पूरग्रस्तांना उघडी. मावशींची नात सातवीत आहे. पाणी उतरल्यावर शाळा सुरू झाल्या, माझा मुलगा गेला, आणि ती नात मात्र घरातला गाळ काढायला आणि धाकट्या भावाला धरायला घरीच थांबली. मावशी आमच्याकडं परत रुजू झाल्या होत्या ना.

माझा मुलगा त्या दिवसांत बँकेत बसला. कॅशच्या केबिनमध्ये अर्थात येऊ देत नाहीत, तो खातं उघडायच्या टेबलामागं, जुन्या भरणा पावत्यांच्या पाठीवर ट्रॅक्टर काढत बसायचा. मॅनेजर साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. काउंटरसमोर लाडकी बहीणचे पंधराशे काढायला आलेल्या बायांची रांग, त्यातल्या निम्म्यांच्या कडेवर पोर. एकीनं माझ्या पोराकडं बघून विचारलं, "काहून, साळा नाही का?" मी म्हटलं, सुट्टी आहे. ती म्हणाली, "आमच्याबी हाय. म्हणून तर सगळी वरात घिऊन आले." दोन पोरं तिच्या पदराला, तिसरं खांद्यावर झोपलेलं.

कायद्यात पाळणाघर आहे. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असतील त्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आईला दिवसातून चारदा तिथं जायची मुभाही दिली. वाचायला छान वाटतं. आमच्या शाखेत सहा माणसं, शिपाई धरून. तालुक्याच्या बाजारपेठेत ५० माणसं एका छताखाली काम करतात अशी जागा दाखवा, मी पेढे वाटते.

त्या मानानं रोजगार हमीचा नियम मला जास्त शहाणा वाटतो. कामावरच्या बायांबरोबर पाच किंवा अधिक लहान लेकरं असतील तर त्यांच्यातल्याच एका बाईला लेकरं बघायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. प्रत्यक्षात किती ठिकाणी पाळतात तो भाग वेगळा. पण विचार बरोबर आहे: लेकरं बघणं हेही काम आहे आणि त्याचा हजेरीपटावर हक्क आहे. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. ती सांगायची, लिंबाखाली झोळ्या बांधलेल्या असत, एक म्हातारी त्या हलवत बसायची, आणि सुकडी वाटताना त्या म्हातारीचा वाटा कोणी विसरत नसे. खडीच्या कामावर जे सुचलं ते एसी बसवलेल्या कार्यालयांना सुचत नाही.

हे सगळं मी नणंदेला फोनवर सांगत होते. ती न्यू जर्सीत असते, दोघंही नोकरीत, एक मुलगी. मला वाटलं ती म्हणेल, बाई, तुमच्याकडं काय हे हाल. ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडं पुराच्या जागी बर्फ धरा, बाकी सगळं हेच."

तिच्याकडं शाळेचा मेसेज पहाटे पाचच्या आसपास येतो. कधी पूर्ण सुट्टी, कधी 'दोन तास उशिरा'. हा दोन तास उशिराचा प्रकार सुट्टीपेक्षा वाईट, असं तिचं मत, कारण ऑफिस दोन तास उशिरा भरत नाही. वर्षात १८० दिवस शाळा भरली पाहिजे असा त्या राज्याचा नियम, म्हणून बर्फाच्या सुट्ट्या कॅलेंडरमध्ये आधीच धरून ठेवतात, आणि त्या संपल्या की जूनमध्ये शाळा लांबते किंवा वसंतातली सुट्टी कापली जाते. मग आधी काढलेली विमानाची तिकिटं बोंबलतात. पाळणाघरही बर्फात बंद, फी मात्र त्या दिवसाचीही भरावी लागते. नवरा हॉस्पिटलमध्ये औषधं देणाऱ्या विभागात, त्याला जावंच लागतं. ही घरून काम करते, मुलगी मांडीवर.

त्यात तिनं एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. मुलीला शाळेतून आणून संध्याकाळपर्यंत सांभाळायला तिनं एक गुजराती काकी ठरवल्यात. काकी गाडी चालवत नाहीत, दोन बस बदलून येतात. बर्फ काढणारी गाडी मोठा रस्ता साफ करते आणि कडेला ढीग लावून जाते. तो ढीग नेमका बस थांब्यावर. फूटपाथवरचा बर्फ ज्याच्या त्याच्या घरमालकानं फावड्यानं काढायचा, आणि कोणी काढला नाही तर तो गोठून काच होते. मागच्या हिवाळ्यात काकी तिथं घसरल्या, मनगट मोडलं. शाळा दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. काकी बरेच आठवडे आल्या नाहीत.

मुलाला यातलं फक्त बर्फ कळलं. आपल्याकडं का नाही पडत म्हणून मागं लागला. त्याला २०१४ ची गारपीट सांगितली. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी मराठवाड्यातली शेतं पांढरी झाली होती, गहू-हरभरा झोपला, मोसंबीच्या बागा सोलून निघाल्या. तो म्हणाला, मग शाळेला सुट्टी होती का? याच्या बापानं कपाळाला हात लावला.

तर यंदा आम्ही दोन्ही घरांनी मिळून काही गोष्टी ठरवल्यात. मावशी पुरामुळं आल्या नाहीत तर पैसे कापायचे नाहीत. खरं तर हे आधीपासूनच असायला हवं होतं, त्याबद्दल वेगळं कौतुक नको. मृग लागायच्या आत त्यांच्या कागदपत्रांची पिशवी, धान्याची कोठी आणि नातीची पुस्तकं आमच्या दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवायची. आणि विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की मावशी, नात आणि धाकटा सरळ आमच्याकडंच मुक्कामाला. त्यात माझा स्वार्थ उघड आहे. मी तो लपवलाही नाही. मावशी हसल्या, पहिल्या दोन गोष्टींना हो म्हणाल्या. तिसरीवर अडल्या.

मला वाटलं संकोच असेल. संकोच नव्हता. त्या म्हणाल्या, "पाणी आलं की घर सोडून तुमच्याकडं येते, लेकराईलाबी आणते. पण पाणी उतरू लालंय म्हणलं की मी तिथंच पायजे. तलाठी, महापालिकेची माणसं कधी येतात सांगून येत नाहीत. घराला कुलूप दिसलं तर नाव लिहीत नाहीत. मागच्या टायमाला शेजारणीचं असंच राहिलं."

मग तेवढे दिवस? मी विचारलं. म्हणजे शाळा सुरू, तुम्ही तिकडं, आणि मी बँकेत.

"तेवढे दिवस तुम्ही बघा ताई. पंचनामा झाला की येते."