हिरोइन नसलेले फोटो

जुन्या सिनेमाचे फोटो आणि सह्या असलेली पुस्तकं घ्यायची आणि विकायची हा माझा धंदा, पुण्यात, दुकान वगैरे काही नाही, घरातली एक खोली आणि व्हॉट्सअ‍ॅप. येणारे निम्मे फोन एकाच छापाचे असतात, आमच्याकडे अमक्याच्या सहीचा फोटो आहे, किती येतील? कोल्हापूरहून फोन आला तोही असाच. मुलगा तिशीतला, हिंजवडीत नोकरीला, मंगळवार पेठेतलं आत्याचं जुनं घर पाडून तिथं बिल्डिंग होणार होती आणि आत्याचे सासरे प्रभातला, म्हणजे प्रभात फिल्म कंपनीत, होते म्हणाला. आता कोल्हापुरात ज्याचा आजा प्रभातला नव्हता असा माणूस शोधावा लागतो, त्यामुळे मी फार काही हुरळलो नाही. पण "सेटच्या खात्यात होते, प्लास्टरचं मोल्डिंग करायचे" असं तो म्हणाला तेव्हा म्हटलं जाऊन येऊ, कारण थाप मारणारे लोक शांतारामबापूंचे उजवे हात असतात, प्लास्टरवाले कधीच नसतात.

गेलो तर घरात अर्धं सामान बांधलेलं, दारात रद्दीवाला तराजू घेऊन बसलेला आणि काकू, म्हणजे मुलाची आत्या, सत्तरीच्या, एकदम खणखणीत. "आधी चहा घ्या की, फोटो कुठं पळतोय" म्हणाल्या.

मेन आयटम होता भिंतीवरचा फ्रेम केलेला मोठा फोटो, व्ही. शांताराम, खाली कोपऱ्यात झोकदार सही. फ्रेम उघडायची परवानगी घेतली, खिडकी लावून अंधार केला आणि यूव्ही टॉर्च मारला, कागद निळापांढरा चमकला. हे एकदा सांगून ठेवतो कारण फुकटची टेस्ट आहे. फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारं केमिकल घालायला लागले ते साधारण 1950 च्या पुढं, त्यामुळे कोणी 1935 चा फोटो म्हणून देतंय आणि कागद टॉर्चखाली चमकतोय तर प्रिंट नंतरची, विषय संपला. (न चमकणं म्हणजे जुना असं मात्र नाही, बिनचमकीचा कागद नंतरही मिळायचा.) वर सही भिंगाखाली धरली तर शाई कागदावर बसलेलीच नाही, सही फोटोच्याच आत आहे, म्हणजे एका सही केलेल्या फोटोवरून शेकडो कॉप्या मारून चाहत्यांना वाटायचे त्यातली ही एक. घरात ठेवायला छान, विकायला जेमतेम फ्रेमचे पैसे. मुलाचा चेहरा पडला, काकूंना काही फरक पडला नाही, "मी सांगत होते याला, तो फोटो यांनी रंकाळ्याजवळ एका दुकानातनं आणला होता."

मग मुलानं हुकमाचा पत्ता काढला, जुन्या सिनेमातल्या नटी हंसा वाडकरांचं आत्मचरित्र, 'सांगत्ये ऐका', आत निळ्या शाईत "सप्रेम भेट, हंसा". इथं मात्र माझा हात थरथरला खोटं कशाला बोलू. पुस्तक आलं 1970 ला आणि बाई गेल्या 1971 ला, म्हणजे सही करायला मिळाला तो जेमतेम वर्षभराचा काळ, तोही आजारपणाचा. मराठी सिनेमाच्या पुस्तकांत यापेक्षा दुर्मिळ सही पटकन आठवत नाही. पण सवयीनं आधी आवृत्तीचं पान उघडलं, पहिली नव्हतीच, पुढची होती, साल बाईंच्या मृत्यूच्या बरंच नंतरचं. मी काही बोलायच्या आतच काकू म्हणाल्या, "अरे ती आमच्या शाळेतली हंसा रे, बदली झाली तेव्हा दिलं होतं तिनं मला." मुलगा, मी आणि दारातला रद्दीवाला, तिघंही हसलो. आणि गंमत म्हणजे हंसा हे वाडकरबाईंचंही सिनेमातलंच नाव, घरचं नाव रतन.

एवढ्यात उठून निघणारे डीलर मी बघितलेत. मी निघत नाही, मी रद्दी बघतो. हे काही मोठेपण नाही, अनुभव आहे, घरातले लोक जे जपून ठेवतात ते त्यांच्या डोळ्यांना भारी वाटलेलं असतं आणि जे आपल्याला हवं असतं ते त्यांच्या मते कचरा असतो. तर रद्दीच्या ढिगात वर्तमानपत्रं, पंचांगं, दिवाळी अंक, त्याखाली एक ब्राऊन पेपरचं पुडकं सुतळी बांधलेलं, वजन झालेलं, भाव ठरलेला. उघडलं तर चाळीसेक फोटो, हाफ प्लेट साईजचे, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. काचेच्या निगेटिव्हवर कागद ठेवून थेट काढलेल्या प्रिंट्स, भिंगाखाली लाकडातली गाठ न् गाठ दिसत होती, काळ्या भागावर कडेकडेनं ती निळसर चंदेरी झाक आलेली, जी खऱ्या जुन्या प्रिंटमधली चांदी वर आल्यावर येते. काही फोटोंच्या कोपऱ्यात टाचणीची भोकं होती, आणि ती खरी भोकं होती, आरपार. फोटोवरून फोटो काढलेली कॉपी असली की भोकाचा नुसता फोटो असतो, बोट फिरवलं की सपाट लागतं.

आणि एकाही फोटोत नट नाही, नटी नाही. रिकामे सेट. किल्ल्याचा दरवाजा, तटबंदी, देवडी, एका फोटोत तटबंदीची मागची बाजू, नुसते बांबू, तरट आणि टेकू, आणि बऱ्याच फोटोंत एक माणूस धोतर-टोपीत हातात उभी काठी धरून उभा, उंचीचा अंदाज यावा म्हणून. मुलगा एकदम एक्साईट झाला, हेच आत्याचे सासरे का? काकूंनी चष्मा लावून बघितलं आणि "ह्यॅ, मामंजी एवढे उंच कुठले" म्हणून परत दिलं.

मी फोटो पालथे करायला लागलो. पाठीवर पेन्सिलीनं नंबर, कुठं "प्ला. बाकी", कुठं "रंग दुसरा हात", आणि तीनचार फोटोंवर "तोरण". मुलगा म्हणाला दाराला तोरण लावायचं राहिलं असेल. पण एकावर तोरण लिहिलेलं तिथं दारच नव्हतं, नुसता बुरूज. मग डोक्यात लाईट लागला. प्रभात कंपनी कोल्हापुरात सुरू झाली 1 जून 1929 ला, दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शिवाजी महाराजांवर मूकपट केला, महाराज स्वतः शांताराम. नाव ठेवलं 'स्वराज्याचं तोरण'. 1930 साल, बाहेर मिठाचा सत्याग्रह चालू, स्वराज्य हे नाव इंग्रजांच्या सेन्सॉरला चालणारच नव्हतं, मग काटछाट झाली आणि सिनेमा 'उदयकाल' नावानं आला. पाठीवर उदयकाल असतं तर कोणीही नंतर कधीही लिहिलेलं असू शकलं असतं. तोरण लिहिणारा माणूस सेटवरच काम करत होता, नाव बदलायच्या आधी.

आपल्याकडे मूकपट तेराशेच्या आसपास झाले असं धरतात, शिल्लक आहेत तीसच्या आसपास, त्यातलेही बरेच तुकडे. नायट्रेटची फिल्म, पेटली की पाण्यानंही विझत नाही, आणि पेटली नाही तर लोकांनी चांदी काढायला विकली. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' सुद्धा आज फोटोंतच उरलाय. त्यामुळे नट्यांचे फोटो लोक जपतात ते बरोबरच आहे, पण सेट उभा कसा केला, तटबंदी किती फूट होती, मागं काय होतं, हे कोणीच जपलेलं नसतं.

आता मुद्द्याचं. पुडकं तांत्रिकदृष्ट्या रद्दीवाल्याचं झालं होतं, मी त्याच्याकडून दहापट भावानं घेतलं असतं तरी चहाच्या बिलात बसलं असतं आणि कोणाला कळलं नसतं. असं करणारे आहेत, आणि मग वर्षभरात अख्ख्या गावात बातमी होते आणि त्यांना पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. मी काकूंना सरळ सांगितलं हे काय आहे, कशावरून म्हणतोय, आणि सगळ्यांचे मिळून मी किती देऊ शकतो. त्या म्हणाल्या पैसे राहू देत, मुलाला विचारा. मुलगा म्हणाला यूट्यूबवर बघून सांगतो. रद्दीवाला म्हणाला माझं वजन वाया गेलं, त्याला वेगळे दिले.

तेवढ्यात मी मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला एक फोटो पाठवला होता, त्याचा मेसेज आला, "हिरोइन है क्या?" नाही म्हटल्यावर "काठीवाल्याचे दोन दे, फ्रेम करतो". हा लॉट फोडायचा नाही हे मी तेव्हाच ठरवलं. नंबर एक ते शेवट ओळीनं लावले की सेट कसा चढत गेला ते दिसतं, दोन काढले की राहिलेले अडतीस नुसते भिंतींचे फोटो.

संध्याकाळी मुलानं होकार दिला, दोन अटींवर, सगळ्याचे स्कॅन त्याला द्यायचे आणि विकताना सासऱ्यांचं नाव सोबत द्यायचं. दोन्ही मान्य. शांतारामबापू परत भिंतीवर गेले, हंसाचं पुस्तक काकूंनी स्वतःच्या पिशवीत टाकलं. निघताना मुलानं विचारलं फोटो लॅमिनेट करून ठेवू का, बाकीचे घरचे आहेत ते, तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच. लॅमिनेशन, सेलोटेप आणि ते चिकट पानांचे अल्बम, यांनी जेवढे फोटो मारलेत तेवढे वाळवीनं नसतील मारले.

फोटो सध्या माझ्याकडेच आहेत, पॉलिएस्टरच्या पाकिटात, पेन्सिलीच्या नंबरानं लावलेले. विचारणा येतात, पहिला प्रश्न हिरोइनचाच असतो. परवा एक कॉलेजातली मुलगी येऊन गेली, थिएटरचे सेट करते, तिनं पैशाचं काही विचारलंच नाही, बांबूवाला फोटो अर्धा तास बघत बसली आणि म्हणाली टेकू उलटा लावलाय यांनी, असा का लावला असेल?